बाराव्या दोऱ्यावरचा खडा

मित्रांनो, मी एक जुना, एका अंगाने वाकडा वाढलेला खडा आहे. मुठीत मावेन एवढाच. झाकणाच्या बरणीत, तेलात बुडून बसलेला असतो. तेलातून बाहेर काढलंत तर कोरड्या हवेत माझं अंग पांढरं पडून भुगा होईल, आणि दमट हवेत मला घाम फुटून मी विरघळायला लागेन. आमची जातच तशी नाजूक. पण मी काही नाजूकपणाचं रडगाणं गायला बसलेलो नाही. मला सांगायची आहे ती माझ्या अंगातल्या एका खोटीची गोष्ट, आणि यार्मिला नावाच्या एका बाईची.

माझं मूळ काढायला गेलात तर ते मोराव्हिया नावाच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातल्या दारूच्या पिपांत सापडेल. द्राक्षांची दारू वर्षानुवर्षं मुरते तेव्हा पिपाच्या आतल्या अंगाला खरखरीत पुटं धरतात. ती खरवडून काढतात, धुतात, सोडा घालून उकळतात, आणि निवल्यावर खाली जे मीठ बसतं ते आम्ही. कूळ दारूचं, पण थेंबभर नशा अंगात नाही! आमच्यात एक गुण मात्र आहे. आमची पातळ चकती दाबली की तिच्यातून बारीकशी वीज निघते, आणि वीज दिली की चकती शहारते. त्या शहारण्यातून आवाज उमटतो. म्हणून त्या काळी, म्हणजे मोठं युद्ध संपून आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हा, कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रांत आमच्या चकत्या बसवत. चकती कापायची तर मोठा, स्वच्छ खडा हवा, आणि तसा खडा आपोआप होत नाही. त्याला वाढवावं लागतं.

मला वाढवलं तुर्नोवात. यीझेरा नदीकाठचं हे गाव मुळी खड्यांचंच. लाल गार्नेटला आणि अकिकाला पैलू पाडणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्यांची. इथलं पोर पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी भिंगातून बघायला शिकतं, असं म्हणतात. आणि सगळ्यात आधी शिकवतात ते फेकायला. खड्यात शीर दिसली, फेक. बुडबुडा दिसला, फेक. उजेडात जरा गढूळ वाटला, फेक. चांगला कारागीर ओळखायचा तो त्याच्या कचऱ्याच्या डब्यावरून, अशी इथे म्हणच आहे. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा याच शिकवणीतून झाला.

आमचा कारखाना म्हणजे खडे घासणाऱ्यांचा. एका लांब खोलीत बावीस चाकं गरगरत असायची आणि चाकापुढे बायका बसलेल्या असायच्या. अकिकाची धूळ इतकी बारीक की डोळ्यांना दिसतही नसे, पण ती छातीत जाऊन बसे ती कायमची. यार्मिला त्या खोलीत सोळा वर्षं होती. वय अडतीस. त्या वसंतात डॉक्टरांनी तिच्या पाठीला कान लावला आणि सरळ सांगितलं, की चाकापुढे अजून दोन हिवाळे काढशील, तिसरा निघायचा नाही. त्या काळी काम आपण निवडत नसू, सरकारकडून नेमून दिलं जाई, त्यामुळे ‘सोडून दे’ म्हणणं सोपं आणि सोडणं अवघड. नेमकं तेव्हाच कारखान्याकडे आमच्या खड्यांचं काम आलं. मागच्या अंगणातल्या जुन्या तबेल्यात काचेच्या टाक्या मांडल्या गेल्या. तिथे पाणी, ऊब आणि ओल. धूळ कणभरही नाही. यार्मिलाला तिकडे घेतलं, पण परीक्षेवर. मार्टिनच्या दिवसापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरात घरोघरी हंस भाजतात त्या दिवसापर्यंत, एका टाकीत बारा खडे वाढताना दिसले तर तबेला चालू राहणार. नाही दिसले तर तबेल्याला कुलूप, आणि यार्मिला परत चाकावर.

तबेल्याचे प्रमुख होते हेयदुक उस्ताद. वय चौसष्ट, गार्नेटच्या कामात उभा जन्म गेलेला, हात आता जरा कापायचे म्हणून इकडे आणलेले. हात कापत होते पण डोळा! त्या डोळ्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी कधी खोटवाला खडा पुढे जाऊ दिला नाही, हे अख्खं गाव सांगे आणि कुणी नाही सांगितलं तर ते स्वतः सांगत.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगतो. आधी गव्हाच्या दाण्याएवढे छोटे खडे तयार करतात. त्यांना बी म्हणायचं. आमच्याच मिठाने तृप्त केलेल्या कोमट पाण्यात ही बी दोऱ्याने टांगायची, आणि पाणी रोज इतकं हळू थंड करायचं की हाताला कळूही नये. थंड होईल तसं पाण्याला मीठ पेलवत नाही. ते सुटे कण बीवर येऊन बसतात आणि खडा मोठा होतो. उस्तादांनी यात आपली गार्नेटची पद्धत आणली. प्रत्येक बी ते दिव्यापाशी तिरकी धरत. पैलू आरशासारखा सपाट दिसला तर ठेवत. पैलूवर जरा जरी उथळ टेकाड असल्यासारखा उजेड फुटला, तर ती बी कचऱ्याच्या डब्यात.

मी त्या डब्यातला.

खोटं कशाला बोलू, माझ्या एका पैलूवर टेकाड होतंच. झालं असं की अगदी लहान असताना द्रावणाचा एक थेंब माझ्या अंगात अडकून राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंनी थर पुढे येत होते, ते थेंबाच्या पलीकडे एकमेकांना मिळाले, पण नीट मिळाले नाहीत. दोन गवंडी दोन टोकांकडून एकच भिंत बांधत यावेत आणि मध्ये विटा जुळू नयेत, तसं. एक बाजू एका विटेने वर, एक खाली. तेव्हापासून ती चूक एका रेषेसारखी माझ्या अंगात राहिली, आणि जिथे ती रेष पैलूवर बाहेर पडत होती तिथे टेकाड उठलं. डब्यात पडलो तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्यासारखे आणखी पन्नास-साठ होते. आम्हाला दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात विरघळवणार होते.

ऑगस्ट संपत आला होता. उस्तादांनी बारा बिया निवडून एका मखमलीच्या तुकड्यावर मांडल्या आणि जेवायला गेले. यार्मिला एकेक बी दोऱ्याला बांधत होती. बारावी हातात असताना तिला खोकल्याची उबळ आली. बी निसटली, फरशीवर पडली आणि दोन तुकडे झाले. यार्मिला खाली बसून ते तुकडे बघत राहिली. उस्तादांचा राग तिला ठाऊक होता, आणि खोकल्याचं कारण सांगावं तर ‘हिला कशाला घेतली’ हा प्रश्न आलाच. तिने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात हात घातला, आणि हाताला लागलेला पहिला खडा उचलून बाराव्या दोऱ्यावर बांधला. तो मी होतो. तिने मला निवडलं वगैरे काही नाही, मित्रांनो. मी फक्त वरच्या बाजूला होतो.

टाकीत शिरलो आणि पहिल्या दोन दिवसांतच मला काहीतरी वेगळं जाणवलं. माझे अकरा शेजारी राजबिंडे, आरशासारखे, पण जसेच्या तसे. आणि मी वाढत होतो.

का, ते तेव्हा मला तरी कुठे कळत होतं? आता सांगू शकतो. पाण्यातला सुटा कण पैलूवर येतो तेव्हा त्याला टेकायला जागा लागते. सपाट पैलूवर त्याला फक्त खालून आधार. थोडा वेळ तो रेंगाळतो आणि पुन्हा पाण्यात निघून जातो. पण तिथे एखादी पायरी असली, अर्धवट भरलेल्या थराची कड असली, तर तिच्या कोपऱ्यात खालूनही आधार आणि बाजूनेही. मग तो बसतो. त्याला लागून दुसरा बसतो, तिसरा बसतो, आणि पायरी पुढे पुढे सरकत पैलूच्या काठापर्यंत पोचते. थर पूर्ण होतो. आणि पूर्ण झाला की पंचाईत. पायरीच उरत नाही. पुन्हा सगळं सपाट, पुन्हा कण येतात आणि परत जातात. माझ्या शेजाऱ्यांचं हेच झालं होतं. त्यांच्या अंगावर नव्याला बसायला कोपराच नव्हता.

माझ्या खोटीपाशी मात्र थर गोल जिन्यासारखे चढले होते. तिथली पायरी काठापर्यंत जाऊन संपत नव्हती, त्या एका बिंदूभोवती ती फिरत राहायची. एक फेरा झाला की एक थर वर, आणि पायरी आहे तिथेच. कितीही कण आले तरी बसायला जागा असायचीच. उस्तादांना दिव्यात दिसलेलं टेकाड ते हेच.

दोन आठवड्यांत मी बोराएवढा झालो. बाकीचे गव्हाएवढेच. घासायच्या खोलीतली व्लास्ता दुपारी तबेल्याच्या खिडकीशी येऊन यार्मिलेबरोबर चरबी लावलेला पावाचा तुकडा खायची. सोळा वर्षं दोघी शेजारच्या चाकांवर बसलेल्या. तिची जीभ तिखट. तिने टाकीत डोकावून विचारलं, “काय गं यार्मिले, अकरा मासे उपास करतायत आणि एकटाच चरतोय होय?” यार्मिला हसली नाही. तिने व्लास्तालाही काही सांगितलं नाही.

उस्ताद मात्र खूश. त्यांनी आपल्याला पटेल असा अर्थ लावला होता. बारावी बी सगळ्यांत स्वच्छ होती म्हणून ती वाढली, बाकीच्यांत आपल्याही डोळ्यांतून सुटलेली काहीतरी बारीक खोट असणार, असं ते म्हणू लागले. कारखान्याच्या संचालकांना बोलावून त्यांनी मला दाखवलं. असा निर्दोष खडा आपण आयुष्यात निवडला नव्हता, असं ते चारचौघांत म्हणाले, आणि “काय पोरी?” म्हणून यार्मिलेकडे बघितलं. यार्मिलेने मान डोलावली. मला काचेतून तिचा चेहरा दिसत होता. माझी त्या दिवशी फार स्तुती झाली, पण ती स्तुती मला गोड लागली नाही. संचालक म्हणाले, एक होतो तर बाराही होतील, तसेच बारा काढा.

मग उस्तादांनी कंबर कसली. दुसऱ्या टाकीसाठी त्यांनी तीनशे बिया पारखल्या, तीन तीन वेळा विरघळवून पुन्हा जमवल्या, आणि इतक्या काटेकोरपणे निवडल्या की डबा दोनदा ओसंडला. बारा आरसे टांगले. दहा दिवस झाले तरी एकही हलेना. यार्मिला रोज सकाळी आल्याबरोबर कोट न काढता आधी टाकीपाशी जायची. अकराव्या दिवशी उस्तादांचा धीर सुटला आणि त्यांनी पाणी एकदम चार अंश उतरवलं. मग व्हायचं तेच झालं. पाण्याला इतकं मीठ एकाएकी पेलेना, ते जिथे मिळेल तिथे जमायला लागलं. काचेवर, दोऱ्यांवर, तळाला, सगळीकडे पांढरी कणी. संध्याकाळपर्यंत टाकी शिळ्या लापशीसारखी झाली आणि बारा बिया तिच्यात गाडल्या गेल्या.

ऑक्टोबर सुरू झाला होता. मार्टिनच्या दिवसाला पाच आठवडे उरले होते. उस्ताद तिसऱ्या टाकीच्या बिया निवडायला बसले, आणि या खेपेला आणखी जबर भिंग घेऊन. यार्मिला त्यांच्यामागे उभी होती. गप्प राहिली तर तबेला बंद आणि ती चाकावर. बोलली तर म्हाताऱ्याची पत जाणार, आणि लबाडी केली म्हणून कदाचित आजच चाकावर. मी सगळं बघत होतो. मला वाटत होतं, बोल बाई. पण आमच्यासारख्यांना वाचा कुठली!

तिने हात पुसले आणि म्हणाली, “उस्ताद, बारावी बी तुमची नाही.”

“म्हणजे?”

“तुमची माझ्या हातून पडली. फुटली. मी डब्यातली एक लावली.”

उस्तादांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “महिनाभर मी गावाला तुझा कचरा दाखवत होतो.”

“हो.”

“आणि तू मान डोलावत होतीस.”

“हो. मला चाकावर जायचं नव्हतं. अजूनही नाही जायचं.” तिने मखमलीवरच्या बियांकडे बोट दाखवलं. “पण तुम्ही आरसेच निवडत राहिलात तर मला जावंच लागणार. म्हणून सांगते.”

त्यांनी टोपी घेतली आणि ते निघून गेले. दुपारी आले नाहीत. व्लास्ताला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, गेलं तुझं, तो म्हातारा आता गार्नेटपेक्षा लाल होऊन संचालकांकडे गेला असणार. यार्मिलेने घास अर्धा टाकून दिला.

उस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते घरचा मोठा दिवा घेऊन. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले, दिवा काचेला तिरका लावला, आणि मला बघत राहिले. दोन तास. मध्ये यार्मिलेने तळाला गाळ राहते तसली कॉफी आणून ठेवली, ती तशीच थंड झाली. कारागिराने आयुष्यभर जे फेकलं ते पुन्हा बघायला बसणं किती जड असेल, ते मला त्या दोन तासांत कळलं. त्यांना माझ्या पैलूवरचं टेकाड दिसलं. त्याचे अगदी उथळ, एकात एक असे फेरे दिसले. आणि माझे बाकीचे पैलूही त्यांनी पाहिले, ज्यांवर टेकाड नव्हतं. ते जागचे हलले नव्हते. माझी वाढ एकाच बाजूने झाली होती, म्हणून मी वाकडा. जो पैलू पुढे धावत होता तो स्वतः आकसून लहान झाला होता आणि जे स्वस्थ बसले होते ते रुंद होऊन मिरवत होते.

शेवटी ते उठले आणि म्हणाले, “पोरी, डबा आण.”

तिने डबा आणून पुढ्यात ठेवला. उस्तादांनी तो मखमलीवर पालथा केला.

“जन्मभर अशी खोट हुडकून फेकली,” ते म्हणाले. “आता हुडकून ठेवू. डोळा तोच आहे.”

पण त्यांनी सरसकट काही उचललं नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, खोट असली की झालं. ज्यांच्या अंगात दहा ठिकाणी थर चुकले होते, ते त्यांनी बाजूला केले. अशा खड्याच्या पैलूवर दहा जिने दहा दिशांनी चढतात, एकमेकांवर आदळतात, मध्ये पाण्याचे थेंब कोंडतात, आणि खडा दुधासारखा गढूळ होऊन शेवटी तडकतो. ज्यांना चीर होती तेही गेले. समोरासमोरच्या दोन पैलूंवर, साधारण मधोमध, एकेकच टेकाड, आणि बाकी अंग नितळ, असे बारा शोधायला त्यांना चार दिवस लागले. माझ्यासारखे एकांगी त्यांनी घेतले नाहीत. माझ्यावरूनच शिकले आणि मलाच नाकारलं, पण मला राग आला नाही.

तिसरी टाकी भरली. तिसऱ्या दिवशी यार्मिला काचेला नाक लावून उभी राहिली. बाराच्या बारा बिया वाढत होत्या, इतक्या हळू की ज्याने रोज बघितलंय त्यालाच कळावं. ती खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसावेत तसे तिने एप्रनने डोळे पुसले. उस्ताद मुद्दाम पाठ करून दिव्याची वात नीट करत राहिले.

मार्टिनच्या दिवशी संचालक आले. टाकीत बारा खडे, प्रत्येक अंगठ्याएवढा, काचेसारखा स्वच्छ. त्यांनी उस्तादांचं अभिनंदन केलं, की अखेर तुमच्या डोळ्याने करून दाखवलं. उस्तादांना ‘होय’ म्हणता आलं असतं. यार्मिला काही बोलणार नव्हती आणि मला तर बोलताच येत नव्हतं. पण ते म्हणाले, “पहिला खडा कचऱ्यातला होता. मी फेकला होता, हिने लावला. चूक माझ्या निवडीत होती.” संचालकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा यार्मिलेकडे बघितलं, आणि खडे वाढतायत ना, मग झालं, असं म्हणून ते हंस खायला गेले. तबेला चालू राहिला. यार्मिलेचं नाव चाकांच्या यादीतून खोडलं गेलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा आनंद तो. त्या दिवशी मी पहिल्या टाकीच्या कोपऱ्यात वाकडा लटकलेलो होतो आणि माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

नाताळाआधी मला बाहेर काढलं. आम्हाला करवतीने कापत नाहीत, आम्ही फुटू. ओला दोरा सतत फिरवत ठेवतात. तो आम्हाला विरघळवत विरघळवत आरपार जातो. माझ्या वाढलेल्या बाजूतून नऊ चकत्या निघाल्या. त्या ज्यांच्या कानाशी गेल्या त्यांना काय ऐकू आलं, ते मला कधीच कळलं नाही. मधला भाग, जिथून माझी खोट निघाली होती, तो कामाचा नव्हता. तो टाकून द्यायचा असतो. यार्मिलेने तो बरणीत ठेवला, वर तेल ओतलं आणि बरणी खिडकीत ठेवली. तोच मी, आज बोलतोय तो.

आता शेवटचं सांगतो. ते मी पाहिलेलं नाही, व्लास्ताने पुढे खिडकीशी बसून शंभरदा सांगितलेलं आहे.

नव्या वर्षात काम वाढलं. संचालकांनी आणखी तीन माणसं द्यायचं कबूल केलं. घासायच्या खोलीतून तीन बायका निवडा, म्हणाले, धडधाकट बघून, स्थिर हाताच्या. उस्तादांनी निवड यार्मिलेवर सोपवली. यार्मिला त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. बावीस चाकं गरगरत होती. बायकांना वाटलं, ही हात बघेल, वय विचारेल. तिने काही विचारलं नाही. तिने डोळे मिटले आणि दाराच्या चौकटीला टेकून नुसतं ऐकत राहिली. चाकांच्या घरघरीतून खोकल्याचा आवाज येत होता, इकडून एक, तिकडून एक. पाव तास ती तशी उभी होती. मग ती आत गेली आणि ज्यांचा खोकला सगळ्यांत खोल होता त्या तिघींच्या खांद्यावर तिने हात ठेवला. पहिली व्लास्ता होती.

संचालक चिडले. असल्या कसल्या निवडल्यास, म्हणाले, यांतली एक तरी धड आहे का? उस्ताद म्हणाले, बाईने बरोबर निवडलंय, मीही असंच निवडलं असतं. त्यांच्या शब्दाला वजन होतं. तिघी तबेल्यात आल्या.

मित्रांनो, माझ्या खोटीने मला वाढवलं. म्हणून कुणी मला विचारतं, की मग खोट असणं चांगलंच, नाही का? असं म्हणू नका. त्या बायकांच्या छातीतल्या धुळीने त्यांना काही दिलं नाही. ती त्यांना खात होती. व्लास्तालाही डॉक्टरांनी दोनच हिवाळे सांगितले होते. ती माझ्या खिडकीशी बसून, पावाचा तुकडा खात, सगळ्यांची टिंगल करत सहा हिवाळे जगली. यार्मिला तिच्यानंतर अकरा वर्षं. उरलेल्या एकोणीस बायका चाकांपुढेच राहिल्या, कारण तबेल्यात जागा नव्हती. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, त्या कधी खिडकीपर्यंत आल्या नाहीत.

आता टाक्या गेल्या. आमच्यासारख्यांची गरज उरली नाही, कानातली यंत्रं दुसऱ्याच कशाने बोलतात. माझ्या बरणीतलं तेल निम्म्यावर आलं आहे आणि वरचा कोपरा उघडा पडून पांढरा झाला आहे. माझ्यासारख्याने शेवटी ‘मला जपा’ म्हणायचं असतं. पण तेल घालायला विसरलात तरी चालेल. माझं बरंच वय झालं. तुमच्या हातात एखादी सुबक, चकचकीत वस्तू आली, तर ती ज्यांनी घासली त्यांचा एकदा विचार करा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती माणसं निवडायचं काम आलं, तर आधी जरा दारात उभे राहून ऐका.